आठवा बिट आणि विहिरीची वहिवाट

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयातील एका तरुण सहकाऱ्याने आम्हांस एक साधा प्रश्न विचारला. पक्षकारांना पुढील तारखेची आठवण देणारा लघुसंदेश तो इंग्रजीतून लिही, तेव्हा एका संदेशात १६० अक्षरे मावत. तोच मजकूर मराठीतून लिहिला की ७० खुणांवर संदेश तुटे आणि दोन संदेशांचे पैसे पडत. काना, मात्रा, वेलांटी यांचीही मोजणी निराळी होई. ‘‘सर, मराठीला दंड कसला?’’ असे त्याने विचारले.

उत्तर आम्हांस ठाऊक होते. लघुसंदेशाचे घर १४० बाइटांचे. त्यात इंग्रजी अक्षर सात बिटांच्या खणात बसते, म्हणून १६० मावतात. मराठी अक्षरचिन्हाला सोळा बिट लागतात, म्हणून ७०. हिशेब सरळ आहे. पण उत्तर देताना ‘सात’ हा आकडा तोंडून निघाला आणि आमचे मन १९९६ सालच्या पावसाळ्यात, बेळगावातील आमच्या वरिष्ठांच्या कार्यालयात जाऊन बसले. त्या सालीही आमची गाठ याच आकड्याशी पडली होती आणि तेव्हा प्रश्न पैशांपुरता नव्हता.

वाचकहो, आम्ही तेव्हा वकिली सुरू करून थोडीच वर्षे झाली होती. वरिष्ठांना संगणकाचे कौतुक होते, भीतीही होती. यंत्र विकत घेण्याचे धाडस त्यांचे आणि ते चालविण्याची जबाबदारी आमची, अशी वाटणी आपोआप झाली. मराठी मजकुरासाठी त्यात पुण्याच्या सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसविले होते. पुढे मुंबईतील एका ज्येष्ठ वकिलांच्या कार्यालयाशी मसुद्यांची देवाणघेवाण वाढली, तेव्हा एक मोडेमही आले. टेलिफोनच्या तारेवरून एका यंत्रातील अक्षरे दुसऱ्या यंत्रात उतरविणारे ते पेटीवजा उपकरण. वेग सेकंदाला २४०० बिट, म्हणजे जेमतेम २४० अक्षरे.

ते चालू करण्यात आमचे दोन रविवार गेले. पहिल्या रविवारी मोडेमने नंबर फिरवला की माऊस गोठून जाई. तिसऱ्या सिरियल पोर्टला आणि पहिल्याला व्यत्ययाची एकच दोरी असते, आणि आमचा माऊस पहिल्यावर बसलेला होता, हे समजेपर्यंत संध्याकाळ झाली. शेजारच्या एकाच घंटेवर दोन शिपाई नेमावेत आणि घंटा वाजली की दोघेही दारात अडकावेत, तसा तो प्रकार. मोडेम दुसऱ्या पोर्टवर नेले आणि तंटा मिटला.

दुसऱ्या रविवारी मोडेम म्हणू लागले की लाइनवर डायल टोनच नाही. आमच्या कानाला तो स्पष्ट ऐकू येत होता. यंत्राच्या कानाला आमच्याकडचा सूर ओळखीचा नव्हता, इतकेच. हेज कंपनीने १९८१ साली आपल्या मोडेमसाठी जी आज्ञावली ठरविली, तीच पुढे सर्वांनी उचलली. त्या आज्ञावलीत ‘एक्स तीन’ अशी एक आज्ञा आहे. तिचा अर्थ असा की, टोनची वाट पाहू नकोस, आंधळेपणाने नंबर फिरव. ती दिली. आमच्या लाइनवर बटणांचे सूर चालत नसत, म्हणून ‘टी’ऐवजी ‘पी’ लिहून जुन्या तबकडीसारखे टिक्-टिक् करीत नंबर फिरवावा लागे. शून्य फिरवल्यावर क्षणभर थांबायचे असेल तर मध्ये स्वल्पविराम टाकायचा. मोडेम त्या जागी दोन सेकंद थांबे. शाळेत आमच्या व्याकरणाच्या गुरुजींनी स्वल्पविरामाचे मोजमाप इतक्या काटेकोरपणे कधी सांगितले नव्हते.

अखेर दोन्ही मोडेमांची ती सुप्रसिद्ध किंकाळी झाली, दिवा लागला आणि पडद्यावर मुंबईच्या यंत्राचा स्वागतपर मजकूर आला. त्यात चौकटींचे तुकडे, आडव्या-उभ्या रेघा आणि मध्येच एखादे धड इंग्रजी अक्षर दिसत होते. ‘कोर्ट’ या इंग्रजी शब्दातील पाच अक्षरांपैकी केवळ ‘यू’ शाबूत होता. बाकी चार ठिकाणी रेघोट्या.

मुंबईचे संगणकचालक फोनवर हसले. ‘‘वकीलसाहेब, तुमची लाइन आठ-नो-एक लावली आहे. आमच्याकडे सात-ईव्हन-एक असतं. तसं करा.’’

याचा अर्थ सांगावयास हवा, कारण पुढील सर्व हकिगत त्यावर उभी आहे. सिरियल तारेवरून अक्षर जाते ते एकामागून एक बिटांच्या रांगेने. पुढे एक प्रारंभाचा बिट, मागे एक थांब्याचा, आणि मध्ये आठ जागा. या आठ जागांचा विनियोग दोन प्रकारे होतो. एक तर आठही जागा अक्षराला द्यायच्या. किंवा सात जागा अक्षराला देऊन आठवी पहारेकऱ्याला द्यायची. पहिल्या सातांत ‘एक’ हा अंक सम वेळा आला असेल तर पहारेकरी शून्य दाखवितो, विषम वेळा आला असेल तर एक दाखवितो, म्हणजे एकूण बेरीज नेहमी सम राहते. वाटेत एखादा बिट उलटला की बेरीज चुकते आणि बिघाड कळतो. यालाच पॅरिटी म्हणतात. मुंबईहून पहारेकऱ्यासह निघालेली अक्षरे आम्ही आठ-बिटी अक्षरे समजून वाचत होतो. ज्यांचा पहारेकरी शून्य होता ती नीट दिसली. ज्यांचा एक होता त्यांच्या रेघोट्या झाल्या.

इंग्रजीचे काम सातांत भागते. १९६३ साली अमेरिकेत ठरलेल्या आस्की संकेतात १२८ जागा आहेत. त्यांतील ३३ यंत्राच्या हुकमांसाठी, उरलेल्या ९५ छापता येणाऱ्या चिन्हांसाठी. इंग्रजीची मोठी-लहान लिपी, अंक, विरामचिन्हे सारे त्यात येते. आठवी जागा त्यांना मोकळीच होती, तेथे त्यांनी पहारेकरी बसविला. यात कोणाचा दुष्टावा नव्हता. घर बांधणाऱ्याने आपल्या माणसांपुरत्या खोल्या मोजल्या, एवढेच.

आम्ही सात-ईव्हन-एक केले. इंग्रजी स्वच्छ दिसू लागले. पुढे कित्येक महिने मसुदे, पत्रे, तारखा अशी सारी इंग्रजी ये-जा बिनबोभाट चालली आणि लाइन उत्तम आहे असा आमचा समज दृढ झाला.

मग त्या आजींचे प्रकरण आले.

आजी चंदगड तालुक्यातील. तो भाग महाराष्ट्रात, कोल्हापूर जिल्ह्यात. पण बाजार, दवाखाना, लेकीबाळींची सोयरीक आणि वकील हे सारे त्यांना बेळगावात जवळ पडे. नवऱ्याच्या भावकीशी विहिरीवरून दावा. १९३८ सालचे वाटणीपत्र मोडीत लिहिलेले. त्यात आजींच्या सासऱ्यांच्या हिश्श्याविषयी म्हटले होते की, सामाईक विहिरीची वहिवाट पूर्वापार चालत आली तशीच पुढे चालवावी. तंटा या एका शब्दावर होता. भावकी म्हणे, वहिवाट म्हणजे विहिरीपर्यंत जाण्यायेण्याची वाट. पाण्यावर हक्क नाही. आजी म्हणत, पाणी काढायचे नसेल तर विहिरीवर काय देवदर्शनाला जायचे?

खालच्या न्यायालयांत काम मराठीत चालले होते. प्रकरण मुंबईच्या उच्च न्यायालयात गेले, तेव्हा घटनेच्या ३४८व्या कलमाप्रमाणे कामकाज इंग्रजीत आले आणि वाटणीपत्राचे भाषांतर दाखल झाले. भाषांतर करणाऱ्याने ‘वहिवाट’ या शब्दासमोर जाण्यायेण्याचा हक्क अशा अर्थाचे इंग्रजी शब्द लिहिले होते. शब्दाच्या पोटात ‘वाट’ दिसते, त्यामुळे त्याची फसगत झाली असावी. पण महसुली मराठीत वहिवाट म्हणजे प्रत्यक्ष उपभोग, कबजा, चालत आलेला वापर. मामलेदार कचेरीतील कोणत्याही जुन्या कारकुनाने ते सांगितले असते. मुंबईच्या वकिलांना शंका आली. सोमवारी सुनावणी आणि रविवारी सायंकाळी त्यांचा फोन आला की, मूळ वाटणीपत्राचा देवनागरीत उतरविलेला संपूर्ण मजकूर आम्हांला उद्या सकाळी हातात हवा. तोच शब्द इतर कलमांत कसा वापरला आहे, ते न्यायमूर्तींना दाखवायचे आहे.

मजकूर आमच्यापाशी तयार होता. एका निवृत्त कारकुनांनी मोडीवरून तो देवनागरीत उतरवून दिला होता आणि आम्ही तो यंत्रात घातला होता, सुमारे चाळीस पाने. आधी त्या कारकुनांच्या हस्ताक्षरातील प्रत फॅक्सने पाठवून पाहिली. थर्मल कागदावर काना आणि मात्रा गळून पडल्या. अनुस्वार तर एकही पोहोचला नाही. रात्रीच्या बसने फ्लॉपी पाठविण्याचा विचार केला, पण पावसाने घाट खोळंबले होते. राहिले मोडेम.

रात्री अकरानंतर एसटीडीचा दर चौथाईवर येई, म्हणून आम्ही अकरा वाजण्याची वाट पाहिली. आजी आणि त्यांचा नातू कार्यालयातच होते; परत जायला गाडी नव्हती. मजकूर इस्की या भारतीय मानक संकेतात उतरवून घेतला, नंबर फिरवला, किंकाळी झाली, दिवा लागला, अक्षरे निघाली. दिवे कसे शिस्तीत लुकलुकत होते! पाच-सहा मिनिटांत काम झाले आणि आम्ही समाधानाने खुर्चीला टेकलो.

दहा मिनिटांनी फोन वाजला. ‘‘वकीलसाहेब, फाइल बिघडली आहे. नुसता कचरा आलाय. इंग्रजीत पाठवा ना, म्हणजे नीट येईल.’’

पुन्हा पाठविले. पुन्हा कचरा. पण तोच कचरा, अक्षरशः तोच! येथे आमच्या वकिली बुद्धीला जाग आली. जो साक्षीदार दोन वेळा तंतोतंत एकच चूक करतो, तो गोंधळलेला नसतो. त्याला तसे पढविलेले असते. ‘‘पहिला शब्द काय आलाय ते एकेक अक्षर वाचून दाखवा,’’ असे आम्ही म्हणालो. इस्कीचा छापील तक्ता समोर घेतला.

इस्की म्हणजे भारतीय मानक ब्यूरोने १९९१ साली मान्य केलेला संकेत. त्यात आस्कीच्या १२८ जागा आहेत तशाच ठेवून भारतीय लिप्यांना वरच्या १२८ जागांत वसविले आहे. वरच्या म्हणजे ज्यांचा आठवा बिट एक आहे, अशा. ‘म’चा क्रमांक २०४. त्यातून आठव्या बिटाचे १२८ काढून घ्या, ७६ उरतात, आणि ७६ म्हणजे इंग्रजी ‘एल’. ‘मराठी’ या शब्दाचा आठवा बिट गेला की हाती येते ते असे: एल, ओ, झेड, ‘पेक्षा मोठे’चे चिन्ह आणि एक उलटी तिरकी रेघ. ‘बेळगाव’चे होते जे, लहान ए, आर, पाच, झेड, टी. होय, पाच! आमच्या ‘ग’चा इंग्रजी पाच होतो, ‘क’चा तीन, ‘च’चा आठ. उलट मराठी अंकांची इंग्रजी अक्षरे होतात. वाटणीपत्रातील ‘गट १२’ तिकडे ‘पाच बरोबर’ आणि पुढे लहान ‘आर’ व ‘एस’ असा उमटला होता. मुंबईच्या चालकांनी तो ‘पाच बरोबर रुपये’ असा वाचून दाखविला, तेव्हा त्या अवेळी आम्हांस हसू आवरेना.

मग त्यांना तो शब्द शोधायला सांगितला. टी, एक्स, चौकोनी कंस, टी, झेड, बरोबरचे चिन्ह. त्यांना तो फाइलीत नऊ ठिकाणी सापडला. तीच वहिवाट. मजकूर हरवला नव्हता. प्रत्येक अक्षराचा एक-अष्टमांश वाटेत कापला गेला होता. जी मांडणी करून आम्ही इंग्रजी स्वच्छ केले, तीच मराठीच्या मानेवर बसली होती. इतके महिने लाइन उत्तम आहे असे आम्ही म्हणत होतो ते कोणत्या पुराव्यावर? त्या लाइनवरून आम्ही तोवर एकही मराठी ओळ पाठविली नव्हती, हे त्या रात्री प्रथम ध्यानात आले. सांगावयास लाज वाटते, पण मराठीच्या नावाने सभांना जाणारे आम्ही, कामकाजाची पत्रे मात्र इंग्रजीतच लिहीत होतो.

‘‘काय वो, त्या मिशनला मराठी येत न्हाई व्हय?’’ आजींनी विचारले. यंत्राला येते, तार अडवते, असे काहीतरी आम्ही म्हणालो. त्यांनी मान हलविली. तार अडविणे हा प्रकार त्यांच्या रोजच्या अनुभवातला असावा.

उपाय सोपा होता. दोन्हीकडे आठ-नो-एक करायचे. पण मुंबईचे यंत्र दिवसभर दुसऱ्या एका सेवेला जोडलेले असे, ती सेवा सात बिटांचीच होती, आणि चालकांनी ती मांडणी बदलण्यास साफ नकार दिला. ‘‘सकाळी सुरू झालं नाही तर साहेब मला उभं करतील.’’ त्यांचेही चूक नव्हते. सीमाभागात आम्हांस हे उत्तर अनेक कचेऱ्यांतून मिळाले आहे. माणूस सज्जन असतो, मराठीचे वैर नसते, फक्त आधीपासून लावून ठेवलेली मांडणी बदलण्याचा अधिकार त्या खिडकीवर नसतो.

मार्ग निघाला तो कर्मिटमुळे. कर्मिट हा फाइली पाठविण्याचा एक रिवाज. १९८१ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात तो जन्मला आणि त्याचे नाव बाहुल्यांच्या एका कार्यक्रमातील बेडकावरून ठेवलेले आहे. तिकडच्या काही मोठ्या यंत्रांच्या लाइनीही सात-बिटांच्या असल्याने त्याच्या कर्त्यांना ही अडचण ठाऊक होती. त्यांनी अशी सोय केली की, ज्या अक्षराचा आठवा बिट एक असेल त्याच्या आधी ‘अँड’चे चिन्ह लावून पाठवायचे, पलीकडच्या कर्मिटने ते चिन्ह पाहिले की पुढील अक्षरात १२८ मिळवून घ्यायचे. त्यासाठी लाइन सम पॅरिटीची आहे हे दोन्हीकडच्या कर्मिटला आधी सांगावे लागते. दोन्ही कार्यालयांच्या फ्लॉपींच्या डब्यांत कर्मिट निघाले, हे त्या रात्रीचे भाग्य.

हा उपाय आम्हांस तेव्हा आवडला आणि बोचलाही. इंग्रजी अक्षर नुसते जाते. मराठी अक्षराने मात्र प्रत्येक वेळी पुढे ओळखपत्र धरायचे, मग आत जायचे. चाळीस पानांत जवळपास प्रत्येक अक्षरापुढे ते चिन्ह लागले. केवळ शब्दांमधील मोकळ्या जागा तेवढ्या सुटल्या. पाच मिनिटांचे काम दुपटीहून लांबले. मध्ये एकदा लाइन तुटली. पुन्हा नंबर फिरवला, पुन्हा दोन सेकंदांचा स्वल्पविराम, पुन्हा पहिल्यापासून. रात्री एकच्या सुमारास शेवटचा गठ्ठा पोहोचल्याची पावती पडद्यावर आली. नातू बाकावर झोपला होता. आजी जाग्या होत्या.

आज युनिकोडमुळे हे सारे पुराणवस्तू झाले आहे, असे आमच्या तरुण सहकाऱ्याला वाटते. बव्हंशी खरेही आहे. तरी त्याला आम्ही एवढे दाखविले की, आज प्रचलित असलेल्या यूटीएफ-८ संकेतात ‘म’ तीन बाइटांचा असतो आणि त्या तिन्ही बाइटांचा आठवा बिट एक असतो. जुन्या सात-बिटी तारेवर तो आजही मेला असता. तार बदलली म्हणून तो जगतो. आणि लघुसंदेशाचे घर त्याच जुन्या मापाने बांधलेले आहे, म्हणून त्याच्या खिशाला चाट बसते.

सोमवारी सकाळी साडेनऊला मुंबईच्या ज्येष्ठ वकिलांचा फोन आला. मजकूर छापून त्यांच्यासमोर होता आणि नऊपैकी दोन ठिकाणी वहिवाटीच्या आधीच ‘पाण्याची’ हा शब्द होता. तेवढ्यावर आम्हांस हवा तो तहकुबीचा आणि नव्या भाषांतराचा आदेश मिळण्यासारखा होता, आणि दुपारी तो मिळालाही. पण त्यांनी फोन केला होता तो निराळ्याच कारणासाठी.

‘‘तुमच्या प्रतीत तिसऱ्या पानावर ‘विहिर’ ऱ्हस्व आहे आणि सातव्या पानावर दीर्घ. मुळात कसं आहे? की रात्री तुमच्या तारेनं काही खाल्लं?’’

आम्ही कागद काढून पाहिले. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद सहसा नसतोच, असे त्यांना सांगितले. तिसऱ्या पानावरचा ऱ्हस्व आमच्याच बोटांचा होता.